कीटकभक्षी वनस्पतींची काचपेटी

कीटकभक्षी वनस्पतींची काचपेटी म्हणजे कीटक व अन्य सूक्ष्म प्राणी पकडून त्यांच्यापासून पोषण मिळविणाऱ्या वनस्पती वाढविण्यासाठी तयार केलेली, पूर्णतः किंवा अंशतः बंद अशी काचेची पेटी होय. ‘टेरॅरियम’ हा शब्दही मराठीत रूढ आहे. अशा पेटीत हवा दमट राहते, माध्यमातील ओल टिकते आणि कोरड्या वाऱ्यापासून झाडांचे रक्षण होते. जगभरात या पेट्यांमध्ये प्रामुख्याने थंड व दमट डोंगरी प्रदेशांतील जाती लावल्या जातात. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर यांसारख्या उष्ण व दीर्घकाळ कोरड्या राहणाऱ्या ठिकाणी मात्र जातींची निवड दोन गोष्टींवर ठरते: मे महिन्यातील रात्रीचे तापमान आणि पाण्यातील विरघळलेले क्षार. आर्द्रता काचेमुळे सहज मिळते. थंडावा मात्र वेगळ्या उपायांनी मिळवावा लागतो आणि त्या उपायांना मर्यादा आहेत.

## पार्श्वभूमी

कीटकभक्षी वनस्पती इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणेच प्रकाशसंश्लेषण करून आपले अन्न तयार करतात. त्या वाढतात त्या दलदलींत, कातळांवर किंवा सतत पाण्याने धुपणाऱ्या जमिनींत नायट्रोजन व फॉस्फरस यांची तीव्र कमतरता असते. ती उणीव त्या पकडलेल्या कीटकांच्या शरीरातून भरून काढतात. हे वैशिष्ट्य समजून घेतल्यास त्यांच्या जोपासनेतील बहुतेक नियम आपोआप स्पष्ट होतात: पाणी क्षारविरहित असावे, माध्यम निकस असावे आणि खत देऊ नये. चार्ल्स डार्विन यांनी दवबिंदू (ड्रॉसेरा) व इतर वनस्पतींवर केलेले प्रयोग १८७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यानंतर या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला वेग आला.

बंद काचपेटीचा शोध लंडनमधील वैद्य नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांच्या नावाने ओळखला जातो. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीत नेचा व गवत उगवल्याचे त्यांच्या लक्षात आले. शहरातील धुरकट हवेत त्यांचे नेचे तग धरत नसत; बाटलीत मात्र ते जगले. बाष्प काचेच्या आतील बाजूवर साचून पुन्हा मातीत उतरत असल्याने वारंवार पाणी घालावे लागत नव्हते. यातूनच ‘वॉर्डची पेटी’ तयार झाली आणि जहाजांवरून जिवंत रोपे दूरच्या देशांत नेणे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चीनमधून भारतात आलेली चहाची रोपे अशाच पेट्यांतून आणली गेली होती. आजचे टेरॅरियम हे त्याच पेटीचे घरगुती रूप आहे.

## भारत व महाराष्ट्रातील जाती

भारतात कीटकभक्षी वनस्पतींच्या पाच प्रजाती नैसर्गिकरीत्या आढळतात: दवबिंदू (ड्रॉसेरा), युट्रिक्युलेरिया, घटपर्णी (नेपेंथिस), पिंग्विक्युला आणि आल्ड्रोव्हांडा. यांपैकी घटपर्णीची नेपेंथिस खासियाना ही एकच जाती भारतात असून ती मेघालयातील खासी, जैंतिया व गारो टेकड्यांच्या परिसरात आढळते. पिंग्विक्युला अल्पिना ही हिमालयाच्या उंच भागातील वनस्पती आहे. मुळे नसलेली व पाण्यावर तरंगणारी आल्ड्रोव्हांडा पूर्व आणि ईशान्य भारतातील पाणथळींतून नोंदविली गेली आहे.

महाराष्ट्रात दवबिंदू आणि युट्रिक्युलेरिया या दोन प्रजाती आढळतात. ड्रॉसेरा इंडिका व ड्रॉसेरा बर्मानी या दवबिंदूच्या जाती कास पठारासह सह्याद्रीतील पठारांवर आणि कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात दिसतात. त्यांच्या पानांवरील ग्रंथिल केसांच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो. उन्हात तो दवासारखा चमकतो, म्हणून हे नाव पडले. ड्रॉसेरा बर्मानीची पाने जमिनीलगत गुलाबपुष्पाकृती रचनेत पसरतात. तिच्या कडेची स्पर्शके काही सेकंदांत आत वळतात आणि कीटकाला पानाच्या मध्याकडे ढकलतात.

युट्रिक्युलेरियाचे सापळे पाण्यात किंवा ओल्या मातीत दडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या रूपात असतात. पिशवीच्या तोंडावरील केसांना स्पर्श होताच झडप उघडते आणि सूक्ष्मजीव पाण्यासह क्षणार्धात आत खेचला जातो. कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभळा गालिचा पसरविणारी ‘सीतेची आसवे’ ही याच प्रजातीतील वनस्पती आहे. भारतातील या प्रजातीवर एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांचा ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे महाराष्ट्रात सापडलेल्या एका नव्या जातीला जनार्थनम यांच्या सन्मानार्थ युट्रिक्युलेरिया जनार्थनमी हे नाव २००० मध्ये देण्यात आले. युट्रिक्युलेरिया ऑरिया व युट्रिक्युलेरिया स्टेलारिस या पाण्यात तरंगणाऱ्या जाती भारताच्या मैदानी प्रदेशांतील तळी व साचलेल्या पाण्यातही वाढतात. मराठवाड्यातील वनस्पतींची ओळख पटविण्यासाठी व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ (१९९८) हा ग्रंथ उपयुक्त आहे.

महाराष्ट्रातील या जातींचे एक समान वैशिष्ट्य काचपेटीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सड्यांवर व पठारांवर मातीचा थर अतिशय पातळ असतो. जून ते सप्टेंबर या काळात तो पाण्याने भरलेला राहतो आणि ऑक्टोबरनंतर झपाट्याने सुकतो. त्यामुळे तेथील दवबिंदू व बहुतेक युट्रिक्युलेरिया एकाच हंगामात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि मरतात. उन्हाळा त्या बीजरूपाने काढतात. ज्या ऋतूशी झुंजणे अवघड असते तो ऋतू त्या जिवंत रोपाच्या रूपात पाहतच नाहीत.

## नांदेड व लातूर येथील परिस्थिती

नांदेड हे गोदावरीकाठचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. लातूर बालाघाटाच्या पठारी प्रदेशात सुमारे ६३० मीटर उंचीवर वसले आहे. या फरकामुळे लातूरच्या रात्री नांदेडच्या तुलनेत काहीशा थंड असतात. दोन्ही ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° सेल्सियसच्या पुढे जाते आणि रात्रीही ते बहुधा २५° च्या आसपास किंवा त्याहून अधिक राहते. या काळात दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते. पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्याचे प्रमाण वर्षागणिक बरेच बदलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्रीचे तापमान १० ते १७° च्या दरम्यान उतरते. थंड व दमट काचपेटी यंत्राविना राखता येईल असा हा एकमेव काळ आहे.

## थंडावा आणि आर्द्रता

थंडावा आणि आर्द्रता या दोन गरजा उष्ण प्रदेशात परस्परांच्या आड येतात. माठातील पाणी थंड होते, कारण माठाच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. मात्र त्यासाठी सभोवतालची हवा कोरडी असावी लागते. बंद काचपेटीतील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. त्यामुळे पेटीच्या आत पाणी फवारल्याने आर्द्रता वाढते, पण तापमानात फारसा फरक पडत नाही. शिवाय पेटीवर थेट ऊन पडल्यास काचेतून शिरलेली उष्णता आतच अडकते आणि अल्पावधीत झाडे शिजल्यासारखी होतात. म्हणून बंद पेटी थेट उन्हात कधीही ठेवली जात नाही.

बाष्पीभवनाचा उपयोग पेटीच्या बाहेरून करता येतो. हवेचे तापमान ४०° आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर वाऱ्यावर ठेवलेला ओला पृष्ठभाग तत्त्वतः सुमारे २३° पर्यंत थंड होऊ शकतो. प्रत्यक्षात एवढी घट मिळत नसली तरी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अंश कमी तापमान राखता येते. यासाठी मराठवाड्यात पुढील पद्धती सोयीच्या आहेत:

* मातीच्या पसरट भांड्यातील वाळू: लहान काचपेटी किंवा काचेची बरणी ओल्या वाळूने भरलेल्या मातीच्या भांड्यात अर्धी बुडवून ठेवणे. बाहेरच्या भांड्यासाठी बोअरचे साधे पाणी चालते, कारण ते झाडांच्या मुळांपर्यंत पोचत नाही.
* कूलरच्या खोलीत ठेवणे: वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांच्या कूलरचा झोत पेटीच्या काचेवर येऊ देणे. झाकण उघडे ठेवून झोत थेट झाडांवर सोडू नये.
* जमिनीलगतची जागा: घरातील उत्तरेकडील खोलीत, फरशीवर पेटी ठेवणे. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरील खोली सर्वांत तापते, म्हणून ती टाळली जाते.
* गोठविलेल्या बाटल्या: बंद प्लास्टिक बाटलीत गोठविलेले पाणी संध्याकाळी पेटीत ठेवल्यास रात्रीचे तापमान काही तासांपुरते उतरते. बाटली पानांना किंवा मुळांना टेकू नये.

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट झाल्याने कूलर व माठाचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. मात्र तेव्हा तापमानही उतरलेले असते. भारनियमनाच्या काळात पंखा किंवा कूलर बंद पडल्यास पेटीचे काय होईल, याचा विचार निवडीपूर्वीच करावा लागतो. अखंड विजेवर जगणारी जाती या प्रदेशात जोखमीची ठरते.

## पाणी

कीटकभक्षी वनस्पतींच्या मुळांना क्षारांची सवय नसते. पाण्यातील एकूण विद्राव्य घटकांचे प्रमाण (टीडीएस) दशलक्ष भागांत ५० भागांपेक्षा कमी असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. सहनशील जाती १०० पर्यंतचे पाणी काही काळ सोसतात. मराठवाड्यातील बेसाल्ट खडकातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे जड असते आणि त्याचा टीडीएस अनेकदा कित्येक शेकड्यांत असतो. भांड्यांवर पांढरा थर जमवणारे पाणी या वनस्पतींना देऊ नये. ते उकळल्याने किंवा साध्या गाळणीतून गाळल्याने उपयोग होत नाही. उकळल्याने चुन्याचा काही भाग खाली बसतो, परंतु उरलेले क्षार अधिक संहत होतात.

घरगुती आर. ओ. यंत्रातून मिळणारे पाणी चालू शकते. मात्र अनेक यंत्रांत चवीसाठी काही क्षार परत मिसळले जातात, त्यामुळे टीडीएस मापक वापरून खात्री करावी लागते. हे यंत्र शुद्ध पाण्यासोबत बरेच पाणी वाया घालवते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात छंदासाठी पाणी वाया जाणे हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. म्हणून येथे पावसाचे पाणी साठविणे हा सर्वांत योग्य मार्ग ठरतो.

त्याचा हिशेब सोपा आहे. दहा चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १०० लिटर पाणी मिळते. साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद असलेल्या, झाकण बहुतांशी बंद ठेवलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा ते एक लिटर पाणी पुरते. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे ३५ आठवडे होतात. म्हणजे वीस लिटरचे दोन जार संपूर्ण कोरडा काळ निभावून नेतात. याच आकाराचे उघडे तबक मे महिन्याच्या वाऱ्यात ठेवल्यास दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरूनही जवळजवळ दोन लिटर पाणी रोज उडून जाते. पाण्याच्या टंचाईत काचपेटीचे खरे मोल या फरकात आहे.

पाणी साठविताना पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात धूळ व पक्ष्यांची विष्ठा असते. नव्या सिमेंटच्या स्लॅबवरून येणाऱ्या पाण्यात चुना उतरतो. त्याऐवजी स्वच्छ पत्रा किंवा ताणून बांधलेले प्लास्टिक वापरले जाते. साठा झाकलेल्या व अपारदर्शक भांड्यात ठेवल्यास डास व शेवाळ होत नाही.

## वाढीचे माध्यम

मराठवाड्याची काळी कसदार माती सोयाबीन, तूर व कापसासाठी उत्तम असली तरी कीटकभक्षी वनस्पतींना ती घातक ठरते. ती अल्कधर्मी असते, तिच्यात बहुधा चुनखडी असते आणि पोषकद्रव्ये भरपूर असतात. शेणखत, गांडूळखत व रोपवाटिकेतील तयार मिश्रणेही याच कारणाने टाळली जातात.

सर्वाधिक वापरले जाणारे माध्यम म्हणजे खत न मिसळलेले स्फॅग्नम पीट आणि परलाइट किंवा सिलिका वाळू यांचे मिश्रण. घटपर्णीसाठी लांब धाग्यांचे स्फॅग्नम मॉस व परलाइट वापरतात, कारण तिच्या मुळांना हवाही लागते. नदीची वाळू वापरायची असल्यास तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर वाळूत चुना आहे असे समजावे. फेस आला नाही तरी वाळू अनेकदा धुऊन घ्यावी. कोकोपीटमध्ये मीठ असू शकते. ते क्षारविरहित पाण्यात वारंवार भिजवून पिळून घ्यावे लागते आणि त्यातच बरेच पाणी खर्च होते.

## जातींची निवड

### वर्षभर पेटीत राहू शकणाऱ्या जाती

* ड्रॉसेरा स्पॅथ्युलाटा: पूर्व व आग्नेय आशियापासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेली लहान व सहनशील जाती. आकार रुपया-दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा फार मोठा होत नसल्याने छोट्या पेटीलाही योग्य. बी सहज धरते.
* ड्रॉसेरा बर्मानी: उष्णता सोसणारी, अल्पायुषी. रोप मेले तरी आसपास पडलेल्या बियांतून नवी पिढी उगवते.
* पेटिओलारिस गटातील दवबिंदू: उत्तर ऑस्ट्रेलियातील या जातींना उष्ण दिवस आणि उबदार रात्रीच मानवतात. नांदेडच्या उन्हाळ्यात इतर झाडे थकतात तेव्हा या जोमाने वाढतात. मात्र त्यांना प्रखर प्रकाश लागतो आणि हिवाळ्यातील थंडीपासून त्यांना जपावे लागते.
* युट्रिक्युलेरिया लिव्हिडा, युट्रिक्युलेरिया बिस्क्वामाटा व युट्रिक्युलेरिया सँडरसोनी: ओल्या माध्यमात गवतासारख्या पसरणाऱ्या, जमिनीतील जाती. लहान फुले वारंवार येतात. त्या शेजारच्या कुंड्यांतही घुसतात, म्हणून स्वतंत्र भांड्यात लावणे बरे.
* समुद्रसपाटीलगतच्या घटपर्णी: नेपेंथिस ॲम्प्युलारिया, नेपेंथिस राफ्लेसियाना या आग्नेय आशियातील जातींना उष्ण व दमट हवा लागते. बंद पेटीत त्या लहानपणी चांगल्या वाढतात, पण पुढे वेलीसारख्या उंच होतात.

### थंड ऋतूतील किंवा थंड खोलीतील जाती

* ड्रॉसेरा अडेली, ड्रॉसेरा प्रोलिफेरा व ड्रॉसेरा शिझांड्रा: ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधील वर्षावनात वाढणाऱ्या या तीन जाती कमी प्रकाश व दमट हवा पसंत करतात. थंड व दमट काचपेटीसाठी त्या आदर्श मानल्या जातात. यांपैकी अडेली सर्वांत सोपी आणि शिझांड्रा सर्वांत नाजूक आहे. लातूरच्या थंड खोलीत अडेली उन्हाळा काढू शकते. तिची पाने जळाली तरी मुळांपासून नवे कोंब येतात.
* ड्रॉसेरा कॅपेन्सिस: दक्षिण आफ्रिकेतील प्रसिद्ध व सोपी जाती. हिवाळ्यात उत्तम वाढते. ३५° च्या पुढे तिचे चिकट थेंब नाहीसे होतात.
* मेक्सिकोतील पिंग्विक्युला: पिंग्विक्युला मोरानेन्सिस व तिचे संकर. यांची पाने माशा पकडणाऱ्या चिकट कागदासारखी असतात. हिवाळ्यात त्या लहान, मांसल पानांची रचना धारण करतात आणि तेव्हा माध्यम जवळजवळ कोरडे ठेवावे लागते. पूर्ण बंद पेटीत त्या कुजतात, म्हणून झाकण अर्धे उघडे ठेवतात.

### मराठवाड्यात टाळाव्यात अशा जाती

* हेलियाम्फोरा: दक्षिण अमेरिकेतील गयाना उच्चभूमीच्या सपाट माथ्यांच्या पर्वतांवर वाढणारी. दिवसाही मध्यम आणि रात्री थंड हवा अनिवार्य.
* उंच डोंगरांवरील घटपर्णी: नेपेंथिस व्हिलोसा, नेपेंथिस हमाटा यांसारख्या जातींना रात्री १० ते १५° तापमान लागते. शीतकरण यंत्राविना नांदेड-लातूरमध्ये त्या मे महिना पार करत नाहीत.
* डार्लिंगटोनिया: उत्तर कॅलिफोर्निया व ओरेगॉनमधील थंड झऱ्यांलगत वाढते. हवेपेक्षाही मुळांजवळचे पाणी तापणे तिला घातक असते.

### पेटीबाहेर वाढवायच्या जाती

व्हीनस फ्लायट्रॅप ही अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलिनातील वनस्पती सर्वाधिक विकली जाते आणि सर्वाधिक वेळा काचपेटीत लावून गमावली जाते. तिला प्रखर ऊन, मोकळी हवा आणि हिवाळ्यात सुमारे तीन महिन्यांची थंड विश्रांती लागते. सारासेनिया प्रजातीच्या गरजाही अशाच आहेत. या दोन्ही गच्चीवर, पावसाच्या पाण्याच्या तबकात ठेवतात. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून त्यांना जाळीची सावली करतात. मराठवाड्यातील सौम्य हिवाळा त्यांना अपुरी विश्रांती देतो, त्यामुळे त्या दरवर्षी काहीशा अशक्त होण्याची शक्यता असते.

## वर्षभराचे नियोजन

जून ते सप्टेंबर: पावसाचे पाणी साठविणे आणि दवबिंदूचे बी पेरणे. बी अतिशय बारीक असते. ते माध्यमाच्या पृष्ठभागावरच टाकतात, मातीने झाकत नाहीत, कारण उगवणीसाठी प्रकाश लागतो. हवा दमट असल्याने झाकण अधिक वेळ उघडे ठेवता येते.

ऑक्टोबर: पाऊस संपून ऊन तापते व हवा कोरडी होऊ लागते. झाकण हळूहळू बंद करत आणतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: नवी झाडे मागविण्याचा उत्तम काळ, टपालातील प्रवास त्यांना सोसतो. नाजूक जातींची वाढ याच महिन्यांत होते. पक्व बी गोळा करून कागदी पुडीत, फ्रीजमध्ये ठेवतात.

मार्च ते मे: पेटी सर्वांत थंड खोलीत हलवतात. कृत्रिम दिवे दिवसाऐवजी रात्री लावल्यास दिव्यांची उष्णता खोली थंड असताना पडते आणि दुपारी पेटीवर अतिरिक्त भार येत नाही. एकवर्षायू जाती या काळात बीजरूपानेच राखतात.

पहिल्याच वर्षी सुरुवात करणाऱ्याने पावसाळ्यात ड्रॉसेरा बर्मानी पेरून फेब्रुवारीपर्यंत बी धरणे हा सर्वांत कमी खर्चाचा व सुरक्षित मार्ग आहे. सह्याद्रीच्या पठारांवरील वनस्पती उन्हाळा ज्या रीतीने टाळतात, तीच रीत येथे पेटीत वापरली जाते.

## प्रकाश, अन्न व देखभाल

बंद पेटीसाठी पांढऱ्या एलईडी दिव्यांचा १२ ते १४ तास प्रकाश पुरेसा असतो. दवबिंदूच्या पानांना लालसर छटा येणे व थेंब ठळक राहणे ही योग्य प्रकाशाची चिन्हे होत. पाने लांबट, फिकट व थेंबविरहित झाल्यास प्रकाश अपुरा आहे किंवा उष्णता जास्त आहे असे समजावे.

पेटीत कीटक फारसे शिरत नसल्याने दोन ते तीन आठवड्यांतून एकदा अल्प अन्न देतात. मत्स्यपालनासाठी मिळणारे वाळवलेले सूक्ष्म किडे पाण्यात भिजवून चिमटीभर पानांवर ठेवणे सोयीचे असते. मांसाचे किंवा चीजचे तुकडे देऊ नयेत; ते कुजून पानावर बुरशी येते. अन्न न मिळाल्यानेही झाड लगेच मरत नाही, केवळ वाढ मंदावते.

करडी बुरशी दिसल्यास बाधित पाने काढून झाकण काही दिवस अधिक उघडे ठेवतात. काचेवर दिवसभर दाट धुके राहणे हे हवा कोंडल्याचे लक्षण आहे. सकाळी साचून दुपारपर्यंत विरणारे धुके योग्य मानले जाते.

## संरक्षण व कायदा

पठारांवरून किंवा सड्यांवरून कीटकभक्षी वनस्पती उपटून आणणे पर्यावरणदृष्ट्या हानिकारक असून ते निष्फळही ठरते. या वनस्पती एकवर्षायू असल्याने फुलांच्या हंगामात उपटलेले रोप काही आठवड्यांतच मरते आणि पुढील वर्षाचे बीही नष्ट होते. कास पठार हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांच्या समूहात २०१२ पासून समाविष्ट आहे. राखीव वनक्षेत्रांतून वनस्पती काढण्यास कायद्याने मनाई आहे.

नेपेंथिस खासियाना हिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने संरक्षित वनस्पतींच्या यादीत स्थान मिळाले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ती आहे. त्यामुळे तिचे रानातून आणलेले रोप विकत घेणे गैर आहे. परदेशातून कोणतेही रोप किंवा बी आणताना वनस्पती विलगीकरणविषयक २००३ च्या आदेशाचे नियम लागू होतात. ऊतिसंवर्धनाने किंवा बियांपासून रोपवाटिकेत वाढविलेली झाडेच काचपेटीसाठी निवडावीत.

## हेही पहा

* कास पठार
* घटपर्णी
* दवबिंदू (वनस्पती)
* पर्जन्यजल संधारण
* मराठवाडा